हिरवा कोट, भगवी विजार

हिमरूच्या नक्षीदार कापडाचा गर्द हिरवा कोट, खाली भगवी विजार आणि गळ्यात बायकोची जांभळी ओढणी, असा नटून मी दर रविवारी गुलमंडीच्या बाजारात फिरायला जातो. मला मजा येते, बस. त्याला कारण कशाला लागतं?

आई दारातच म्हणायची, "काय सोंग काढलंय हे! लई हसतेत लोकं." लोक हसायचेही. कोपऱ्यावरचा पानवाला तर मला बघून टाळी द्यायचा.

आता कुणी हसत नाही. आधी कोट बघतात, मग विजार बघतात, आणि मी नेमका कुणाच्यातला, ते ठरवत बसतात. मागच्या रविवारी रिक्षावाल्यानं तोंडावरच विचारलं, "भाऊ म्हणू का भाईजान?"

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "काही म्हणू नको. गुलमंडीला सोड."

आज निघालो तर आई दारात आडवी उभी. आधी रस्त्यावर नजर टाकली, मग हळूच म्हणाली, "दोन्ही नको रं घालू. कोणतं तरी एकच घाल."

तिच्या तोंडावर हसू नव्हतं.

मी म्हटलं, "आई, सोंग म्हण ना मला."