लाल गाडीचा रिव्हर्स

कामावर तिला सगळे क्रेनवाली म्हणत. बांधकामावरच्या उंच क्रेनच्या केबिनमध्ये तिचं अर्धं आयुष्य गेलं. वरून खालचा माणूस दिसत नाही, त्याचं डोकं आणि हात दिसतात. हात सांगेल तसं ओझं उचलायचं, हात सांगेल तिथे टेकवायचं. ओझं आदळलं तर ते काम नव्हे, असं तिचं मत होतं.

एवढ्या कष्टांतून तिने एकच चैन केली. लाल, बुटकी, दोन लांब दारांची गाडी. सुरू केली की अंगाखाली गुरगुरायची. जुनी होती, आणि तिला एक खोड होती. इंजिन तापलं की रिव्हर्स पडत नसे. आधी दुसरा गिअर टाकायचा, क्लच न सोडता तिथून दांडा हलक्या हाताने रिव्हर्सला न्यायचा. जोर केला की गाडी हट्टाला पेटे. ही खोड फक्त क्रेनवालीला ठाऊक होती. कुणी विचारलंच नव्हतं.

मग सासूबाईंच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. आठवड्यातून दोनदा त्यांना व्यायामाला न्यायचं होतं. वरच्या मजल्यावर धाकटा दीर राहायचा. सोफे विकायच्या धंद्यात होता, तोंडात साखर. तो खाली येऊन बसला.

"वहिनी, आईला या गाडीत बसवायचं म्हणजे विहिरीत सोडल्यासारखं आहे. उंच, चार दारांची घ्या. माझा मित्र आहे जुन्या गाड्यांचा, तो बदलून देईल."

"तुमच्या गाडीतून न्या ना त्यांना, भाऊजी."

"माझी मी विकली की मागच्या महिन्यात."

"अगं, बरोबर बोलतोय तो," नवरा म्हणाला. नवऱ्याला दोन्ही बाजू नेहमीच बरोबर वाटत.

द्यायच्या आदल्या दिवशी तिने गाडी धुतली, चाकांच्या फटींतली माती काडीने काढली. मित्राकडून मिळालेली गाडी अंगाने साबणाच्या वडीसारखी होती, आणि आवाजाने मिक्सरसारखी. सासूबाई तीत आरामात बसल्या. क्रेनवालीने तेवढ्यावर मनाची समजूत घातली.

दहा दिवसांनी लाल गाडी इमारतीच्या आवारात उभी दिसली. दीर बोटावर किल्ली फिरवत टेकून उभा.

"परक्याच्या हाती जाण्यापेक्षा घरातच राहिली, वहिनी. वाईट वाटून घेऊ नका."

"आणि आईंचा खुबा?"

"त्यासाठी तुमची गाडी आहे ना." मग जरा थांबून म्हणाला, "तुमची ती भिंतीकडची पार्किंगची जागाही मला द्या. गाडीला सवय आहे तिची."

"घ्या की," ती म्हणाली.

घरात आल्यावर नवरा दबकत म्हणाला, "तू एवढी शांत कशी?"

"ओझं उचलताना मी बोलत नाही."

भिंतीकडच्या जागेची गोष्ट अशी. मागच्या गल्लीतून, मधली एक रिकामी जागा ओलांडून, गाडी सरळ पुढे न्यायची. तोंड पुढच्या गेटकडे, भिंत पलीकडच्या दाराला. चालवणारा ऐटीत उतरतो. पुढून नाक घालून शिरलं, तर भिंत चालवणाऱ्याच्या बाजूला येते आणि ते लांब दार वीतभरही उघडत नाही. पुढून यायचं तर रिव्हर्समध्येच यायला हवं.

क्रेनवालीने मधली ती रिकामी जागा आपल्या गाडीसाठी मागितली.

"ताई, तिथे कचऱ्याचे डबे आहेत," वॉचमन म्हणाला. "सावलीतली देतो की."

"नको. हीच."

सगळ्यांना वाटलं, किती साधी बाई.

त्या दिवसापासून ती घाई करून दिराच्या आधी घरी पोहोचू लागली. साबणाची वडी रेषेला रेष मिळवून उभी करायची, वर जायचं, दोन कप चहा करायचा आणि सासूबाईंच्या शेजारी खिडकीत बसायचं.

मागची वाट साबणाच्या वडीने अडवलेली, म्हणून पहिल्या संध्याकाळी लाल गाडी पुढच्या गेटातून आली, थांबली आणि गिअरबॉक्स किंचाळला. पुन्हा किंचाळला. आवाज क्रेनवालीच्या दातांत गेला. गाडीचे हाल तिला बघवत नव्हते, पण तिने डोळे वळवले नाहीत. बाल्कन्यांमधून डोकी निघाली. शेवटी दीर मोबाइल कानाला लावून गाडीत बसून राहिला. इंजिन थंड होईपर्यंत बोलला.

"कुणाशी बोलतोय एवढं?" सासूबाईंनी विचारलं.

"नशिबाशी," क्रेनवाली म्हणाली आणि चहा ओतला.

दुसऱ्यांदा त्याने नाक घालून पाहिलं. मग पोट सावरत, गिअरच्या दांड्यावरून पलीकडच्या दाराने बाहेर आला. पँट उसवली. मग मेकॅनिक झाला. त्याने हात लावला तोवर इंजिन गार झालेलं. तो म्हणाला, गाडीला काही नाही, चालवणाऱ्याला शिकवा. हे वॉचमनने इमारतभर केलं.

"तुला माहीत आहे ना त्याचं औषध?" सासूबाई एकदा म्हणाल्या.

"आहे."

"मग सांगून टाक बाई."

"त्यांनी विचारलं पाहिजे, आई."

म्हातारीने खाली लेकाकडे पाहिलं, आपल्या खुब्याकडे पाहिलं, आणि कप पुढे केला. "साखर कमी पडली आज."

शेवटी दाराची बेल वाजली. दीर घामाघूम. "वहिनी, त्या रिव्हर्सचं काय करायचं हो?"

ती चप्पल घालून खाली उतरली. तो लगबगीने शेजारच्या सीटवर बसायला निघाला.

"आत नको, भाऊजी. मागे उभे राहा, हात दाखवा. मला अंतर कळायला हवं."

तो मागे गेला. ती बसली. सीट त्याने मागे सरकवली होती, तिने पुढे घेतली. गुरगुर मांड्यांत भरली. दुसरा गिअर, तिथून हलकेच मागे. गाडी लोण्यासारखी सरकली.

"हात उंच करा. असा मेल्यासारखा नको."

त्याने हात उंच केला. वरची सगळी डोकी ते बघत होती.

गाडी अगदी नीट उभी राहिली होती. तरी ती पुढे घेऊन म्हणाली, "वाकडी वाटते. पुन्हा."

दोनदा झालं. मग उतरून तिने किल्ली त्याच्या तळहातावर ठेवली.

"पण करायचं कसं ते सांगा ना," तो म्हणाला.

"सांगण्यासारखं काही नाही. रोज आलात की खालून हाक मारा. मी असतेच घरी."

आता तो रोज हाक मारतो. ती चहा संपवते, मग उतरते. तोवर तो हात तयार ठेवून उभा असतो.