खाणीतले बुडबुडे

विट्याजवळच्या एका गावात मी विज्ञान शिकवायला नुकतीच गेले होते. तिथल्या एका मळ्यात पहिला गोबरगॅस बसला, तेव्हा बघायला गाव लोटला. माहिती सांगायला सरपंचांनी मलाच उभं केलं. हवा न लागता जंतू शेण खातात, त्यातून मिथेन वायू होतो, असं मी ऐटीत सांगत होते.

चांद्याकडच्या कोळशाच्या खाणीत बरीच वर्षं काढून परतलेले एक गृहस्थ पुढे आले. त्यांची मुलगी माझ्या आठवीच्या वर्गात होती.

"बाई, ह्यो वायू खाणीतबी असतोय. बंद पडल्याल्या भागात पाणी साचलं, की तळातनं असंच बुडबुडं येत्यात. तितंबी जंतूच असत्याल का?"

मला उत्तर ठाऊक नव्हतं. पण तसं सांगायची लाज वाटली.

"मामा, कोळसा म्हणजे दगड. आत काय म्हैस बांधलीय?"

लोक खो खो हसले. तेही हसले, टोपी सारखी करत मागे सरकले. मुलगी मात्र मान खाली घालून उभी होती.

दोन वर्षांनी साताऱ्याला शिक्षकांच्या शिबिरात एक मासिक हाती लागलं. कोळशाच्या थरात पाणी मुरलं, की तिथले जंतू कोळशाचेच अंश खाऊन मिथेन तयार करू शकतात, असं त्यात लिहिलं होतं. मी तो मजकूर उतरवून घेतला आणि दहावीच्या वर्गात जणू मलाच सुचल्यासारखा सांगितला.

ती मुलगी उठून म्हणाली, "बाई, आमचे आबा हेच म्हणत होते."

"बस खाली," एवढंच मी बोलले.

त्या संध्याकाळी माफी मागायला त्यांच्या घरी गेले. त्यांनी घोंगडं अंथरलं, चहा टाकायला सांगितला. मासिकातलं सगळं मी त्यांना सांगितलं. ते पुढे सरकून ऐकत होते.

"म्हंजी कोळसाच खात्यात? आन् उजेड नसला तरी चालतंय त्यास्नी?"

"चालतं."

"लय भारी! बरं झालं बाई, सांगाया आलासा."

मळ्यातल्या त्या दिवसाबद्दल त्यांनी अवाक्षर काढलं नाही. मीही काढलं नाही. चहा पिऊन उठले. पुढच्या वर्षी माझी बदली खंडाळ्याला झाली. माफी मागायची राहिली ती राहिलीच.