निम्म्यावर अडकलेला पडदा

बेळगावातल्या शंभर वर्षांच्या एका नाट्यगृहात पडदा ओढणारे म्हातारे गृहस्थ होते. सगळे त्यांना आप्पाच म्हणत, म्हणून मीही नाव कधी विचारलं नाही. सत्तरच्या दशकात मी निपाणीत शिक्षक होतो. सीमावाद पेटलेला होता, आणि हे नाट्यगृह मुळात मराठीच, असा लेख मला आमच्या मंडळाच्या स्मरणिकेसाठी लिहायचा होता.

मी गेलो तेव्हा आप्पा विंगेत बसून दोराला मेण लावत होते. दोर ओढून त्यांच्या तळहातांना घट्टे पडले होते. त्यांचे वडील आणि आजोबाही इथं हेच काम करायचे.

"आप्पा, इथला पहिला खेळ मराठी होता की कन्नड?" मी वही उघडून विचारलं.

"आजा सांगायचा, पहिल्या दिशी त्याच्या हातनं पडदा निम्म्यावरच अडकला," ते शांतपणे म्हणाले. "राजाचे नुसते पाय दिसालते. सगळं थेटर पोट धरून हसलं. आता मास्तर, ते हसणं कुठल्या भाषेतलं म्हणून लिवणार?"

मीही हसलो. पण लेखात ते घातलं नाही. मंडळाला चाललं नसतं.

स्मरणिका छापून आल्यावर एक प्रत त्यांना द्यायला गेलो. वाचता येत नव्हतं, म्हणून त्यांनी पानांवरून नुसता हात फिरवला.

"आज्याचं लिवलंय न्हवं?"

"व्हय आप्पा," मी म्हणालो.

त्यांनी स्मरणिका कपाळाला लावली आणि दारावरच्या माणसाला हाक मारली, "मास्तरास्नी च्या सांग रं. माझ्या आज्याला पुस्तकात घातलंय त्यांनी."

तो चहा मी मान खाली घालून प्यालो.