अक्काची मान

काळ्या कागदातून माणसाच्या चेहऱ्याची एक बाजू कातरायची, एवढीच माझी कला. पेन्सिल लावायची नाही. माणसाला बाजूच्या भिंतीकडे तोंड करून बसवायचं, कात्री स्थिर धरायची आणि डाव्या हातानं कागद फिरवत राहायचं. फोटो स्टुडिओतल्या पाकिटांमधला काळा कागद मी मागून आणायचो. ऐंशीच्या दशकात पिंप्राळ्यात माझं बरंच कौतुक व्हायचं. लोकांनी हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि मीही ऐटीत चढून बसलो. समोरचा खूश राहावा म्हणून लोंबती हनुवटी, नाकाचा फुगवटा हळूच छाटायची सवय हाताला लागली ती तेव्हाच.

धुळ्याकडच्या खेड्यात दिलेली माझी थोरली बहीण, अक्का, दर वैशाखात आखाजीच्या सणाला माहेरी यायची. सणासाठी बांधलेल्या झोक्यावरून उतरली की माझ्यापुढे येऊन बसायची. एका आखाजीला कात्री तिच्या गळ्यापाशी आली आणि कागदावर एक उंचवटा उमटला. कागद तिरका फिरला असेल, असं मला वाटलं. अक्कानं ती कागदी सावली उजेडात धरून पाहिली.

"काय रे भाऊ, मनी मान इतली जाड शे का? जराशी बारीक कर."

मी हसत तेवढा तुकडा उडवला. तुरीच्या दाण्याएवढा असेल.

पुढच्या आखाजीला तिला सांगावंही लागलं नाही. उंचवटा तिथंच होता, आणि वाढला होता. मला तो दिसला. पण सणाच्या दिवशी अभद्र कशाला बोलायचं, म्हणून मी गप्प बसलो आणि गळ्याची रेघ सरळ कापली.

त्या दिवाळीत तिला घास गिळवेना. जळगावच्या डॉक्टरांनी विचारलं, "गाठ कधीपासून आहे?"

"झाला असेल महिनाभर," भाऊजी म्हणाले.

"दीड वर्ष," मी म्हणालो.

अक्कानं वळून माझ्याकडे पाहिलं. डॉक्टर म्हणाले, तेव्हाच आणायला हवं होतं. स्वतःची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

पुढच्या आखाजीला ती आली. झोका तिनं लांबूनच पाहिला. नेहमीसारखी माझ्यापुढे बसली आणि गळ्यावरचा पदर स्वतःच बाजूला केला.

"यंदा जशी शे तशीच काप, भाऊ."

मी कात्री धरली. कपाळ, नाक, ओठ करत हनुवटीपर्यंत आलो. तिथून पुढे माझा डावा हात कागद फिरवेना.