विमान कुठवर आलं

बाबांच्या उशाशी बसून शेजारचे काका मोबाइलवर दादाचं विमान बघत होते. नखाएवढं पिवळं विमान आणि त्याच्यामागे थेट शिकागोपासून ओढलेली रेघ. "तुर्कस्तानावर आलंय," ते म्हणाले. बसलेल्यांनी माना डोलावल्या. बाबांच्या खालचा बर्फ वितळून फरशीवर पसरत होता आणि मी पुसत होते.

मला त्या पिवळ्या विमानाचा संताप आला. बाबा अंथरुणाला खिळले तेव्हाही शिकागो एवढंच लांब होतं. "एका दिवसाचा तर प्रवास," दादा फोनवर म्हणायचा, आणि बाबा ते खरं धरून दाराकडे बघत राहायचे. मी दोन गल्ल्या ओलांडून रोज यायचे. तेवढं अंतर कुठल्याच नकाशात दिसत नसावं.

"अग्नी मी देते," असं मी सकाळीच म्हटलं होतं. "मुलगा आहे ना गं," आत्या म्हणाली होती, "थांबायला काय होतंय?"

शेवटी दादा आला. आत्याने त्याला दारातच जवळ घेतलं. "किती लांबून आलास रे बाळा." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "त्याला आधी पाणी दे."

मी उठले आणि माझ्या हातातलं ओलं फडकं त्याच्या हातात दिलं.