आईचा हूं

विद्यापीठाची परीक्षा माझ्या वहिनीइतकी बडबड करून दुसऱ्या कोणी दिली असेल, तर त्या माणसाच्या घरच्यांना माझा साष्टांग दंडवत! लग्न होऊन ती महाडला आमच्या घरी आली तेव्हा तिचं बी. ए. अर्धं राहिलं होतं. दादा मुंबईला नोकरीत. घरात शब्द चालायचा तात्यांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा. त्यांचं कापडाचं दुकान होतं, आणि परवानगीही त्यांनी कापडासारखी मोजूनच दिली. "बाहेरून बसायचं तर बस. पण एकदाच. नापास झालीस तर पुस्तकं माळ्यावर."

आता बाकीची मुलं अभ्यास करतात कशी? आमचा पुण्याचा चुलतभाऊ पुस्तकात लाल पेन्सिलीने इतक्या रेघा मारायचा, की रेघ नसलेली ओळच महत्त्वाची वाटावी. वहिनीची टिपणं म्हणजे बोटभर कागदावर दोन-चार शब्द. धडा एकदा वाचायचा, पुस्तक मिटायचं, आणि पदर खोचून चुलीपाशी माझ्या आईसमोर जाऊन बसायचं. आईचं माहेर महाडजवळच्या नाते नावाच्या गावचं; शाळेची पायरी तिने कधी चढलेली नव्हती. वहिनी श्रावणातल्या कहाणीसारखी सुरू व्हायची, "आटपाट नगर होतं. त्याचं नाव पॅरिस. तिथे लुई नावाचा राजा होता." आणि कहाणी म्हटली की ऐकणाऱ्याने हूं म्हणायलाच हवं, नाहीतर सांगणाऱ्याचं पुढे सरकत नाही. म्हणून आई भाकरी थापता थापता हूं म्हणायची.

त्या हूंचेही प्रकार होते. लांब हूं म्हणजे समजलं. आखूड हूं म्हणजे काही समजलेलं नाही, पण सुनेचं मन कशाला मोडा! वहिनी आखूड हूं लगेच ओळखायची. "आईंना कळलं नाही म्हणजे माझंच कच्चं आहे," असं म्हणून पुन्हा पुस्तक उघडायची. हूं आलाच नाही, तर भात करपलेला असायचा. मागणी-पुरवठ्याच्या दिवशी तर दोघींची चांगलीच जुंपली. आई म्हणाली, "बाजारात मासळी कमी आली का भाव चढतो, ह्ये मला ठाव हाय. त्याच्यासाठी परीक्षेला पुण्याला कशाला जायला हवं गो?" तिकडे पाटावर ताटकळलेले तात्या ओरडले, "या घरात राजे फार झालेत. जेवायला कोणी वाढेल का?"

परीक्षेला पुण्याला मी सोबत गेले. पहिला पेपर इतिहासाचा. वहिनी बाहेर आली ती पांढरीफटक. माझ्या डोळ्यांसमोर तो माळा दिसू लागला.

"वन्सं, कितीतरी वेळ एक ओळ सुचेना हो. मनातल्या मनात लुई सुरू केला, पण समोरून हूंच येईना!"

"अगं बाई! मग?"

"मग काय, मीच म्हटलं. आईंच्या आवाजात. तेव्हा कुठे हात सुटला. पर्यवेक्षक येऊन विचारतात, बाई, कोणाशी बोलताय? म्हटलं, सासूबाईंशी."

निकाल लागला, वहिनी पास झाली. तात्यांनी पेढे आणवले. आई तर आळीभर सांगत सुटली, "आम्ही पास झालो गो, आम्ही पास झालो!" वहिनी पुढे शाळेत शिकवायला लागली, आणि पहिल्याच दिवशी तिने म्हणे सगळ्या वर्गाला हूं म्हणायला लावलं.

आई जाऊन आता बरीच वर्षं झाली. परवा वहिनी नातीला लुईची गोष्ट सांगत होती. सांगता सांगता मध्येच थांबली आणि सवयीने तिने चुलीच्या जागेकडे पाहिलं. तिथे आता गॅसची शेगडी आहे. मला राहवलं नाही. मी मागून हळूच म्हटलं, "हूं."

"वन्सं, तुमचा हूं आखूड आहे," ती म्हणाली. मग पदराने डोळे टिपले, आणि लुईची गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सुरू केली.