अकरा रिंगा

घरात मोबाइल आला आणि आम्ही सगळ्यात आधी शिकलो ते हे, की तो उचलायचा नसतो. रिंगा मोजायच्या. एक रिंग म्हणजे खुशाल आहे, दोन म्हणजे तुम्ही फोन लावा, तीन म्हणजे निघून या. हे कोष्टक बाबांनी बसवलं होतं. माझी थोरली बहीण लोणारकडे दिलेली, आम्ही जळगाव जामोदच्या बाजूला. एक पैसा न देता जिल्ह्याची दोन टोकं जोडल्याचा त्यांना फार अभिमान. कंपनीला आपण कसं बनवतो, हे ते चारचौघांत रंगवून सांगत.

कंपनीही काही कच्च्या गुरूची चेली नव्हती. त्या दिवाळीत आमच्या फोनमध्ये पैसे होते, पण मुदत संपली होती. आलेला फोन वाजायचा, आपल्याला मात्र लावता येत नव्हता. रिचार्जची कार्डं तालुक्याला बियाण्याच्या दुकानात मिळत. दुकानदार चाचांनी समजावलं, "भाऊ, पैसा है, तारीख नहीं है." नवं कार्ड घेतल्याशिवाय जुने पैसे हलणार नव्हते.

"माहेच पैसे वापराले मी अजून पैसे देऊ?" बाबा भडकले.

"बियाणं नाई घेत का दरसाल नवं?" चाचा शांतपणे म्हणाले.

हे वर्मी लागलं. कापसाचं बीटी बियाणं आल्यापासून घरची सरकी पेरायची सोय गेली होती. दर मिरगाला नवं पाकीट. त्या साली बोंडं फुटली ती पाकिटावरच्या फोटोत, आणि बाजारातल्या कापसाच्या भावानं उरलीसुरली हौस फेडली. बीटीपुढे बाबांचं काही चाललं नव्हतं, म्हणून सगळा राग त्यांनी फोनवर काढला. कार्ड न घेताच घरी आले.

बहीण त्या दिवाळीला आली नाही. तिच्याकडे वेचणी ऐन भरात होती. रोज संध्याकाळी तिची एक रिंग यायची. बाबा म्हणायचे, "खुशाल आहे." माय म्हणायची, "आवाज तं आला नाही."

भाऊबीज झाल्यावर एका सकाळी फोन वाजला. एक, दोन, तीन. चौथी झाली तशी मायनं हात पुढे केला.

"उचलू नको! तिचे पैसे कटतीन," बाबा ओरडले. "मोज."

अकरा रिंगा होऊन फोन आपोआप थांबला. पुन्हा वाजला, पुन्हा अकरा. तिसऱ्यांदाही तेच. आम्ही तिघं फोनभोवती बसून मोजत होतो. आज मला त्याची लाज वाटते. तेव्हा मी बोटं दुमडत होते.

"तीनाले निघून या, तं अकराले काय?" मायनं विचारलं.

शेजाऱ्यांच्या फोनवरून लावून पाहिला, तर बहिणीचा बंद. बाबांनी फोन खिशात घातला आणि मिळेल त्या एसटीनं खामगाव, मेहकर करत लोणार गाठलं.

बहीण शेतात कापूस वेचत होती. धडधाकट. वेचणीच्या पैशातून तिनं पहिल्यांदाच स्वतः कार्ड घेतलं होतं, एका दिवसात पाहिजे तेवढं बोलायचं. तिला मायशी बोलायचं होतं. कुणी उचलेना म्हणून ती लावत राहिली, आणि मग बॅटरी संपली. लोडशेडिंगमुळे दुपारपर्यंत चार्जिंगलाही लावता आला नव्हता.

"मले वाटलं, दिवाळीले आली नाही म्हणून तुम्ही रागावले," ती म्हणाली.

"मंग आता लाव," बाबा म्हणाले. "बोल तिच्याशी." आणि त्यांचा हात खिशाकडे गेला. घरातला एकुलता एक फोन तिथे होता.

परत आल्यावर ही हकिकत त्यांनी हसत हसत सांगितली. माय हसली नाही. तिनं त्यांच्या खिशातून फोन काढून घेतला आणि आपल्या कमरेला खोचला.

संध्याकाळी नेहमीची रिंग आली. ती पुरी व्हायच्या आत मायनं फोन उचलला. पलीकडून बहिणीचा घाबरलेला आवाज आला, "माय, काऊन उचलला? काय झालं?"

"काही नाही झालं," माय म्हणाली. "बोल तू. कटू दे पैसे."